टॉर्चने मोर्समध्ये "खाली ये" कसं पाठवायचं? (ठाणे, समोरासमोरच्या दोन इमारती)

मानपाडा_ताई

घोडबंदर रोडला आमची आणि बहिणीची इमारत समोरासमोर आहे. मध्ये साधारण नव्वद मीटर अंतर, आम्ही सातव्या मजल्यावर, ती नवव्यावर. तिचा मुलगा आठवीत, माझी मुलगी सहावीत. रात्री जेवणं झाली की दोघांना टॉर्चने मोर्समध्ये (प्रत्येक अक्षर टिंब-रेघांच्या खुणांनी) बोलायचंय. बोलणं म्हणजे "जेवलास का", "खाली ये", "येतो", "नको", "आई आली", एवढंच.

दोघांकडे तक्ता छापून दिलाय, पण समोरच्याला नुसती लुकलुक दिसते, अक्षर काही लागत नाही. मराठी शब्दांसाठी रोमन स्पेलिंगच करायचं का? वेग किती ठेवायचा? साधी एलईडी रिचार्जेबल टॉर्च चालते का? आणि परवाना वगैरे लागत असेल तर तेही सांगा, सोसायटीत आधीच सगळ्यांना सगळ्याची हरकत असते.

डिटडा_कळवा

ताई, उजेडाला आणि आवाजाला परवाना लागत नाही. रेडिओवर पाठवायचं तर हॅम (हौशी रेडिओचा) परवाना लागतो, त्याचं वय बारापासून पुढे. त्याच्या जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्द मोर्स येणं लागतं, रिस्ट्रिक्टेडला मोर्सची परीक्षा नाही. तो विषय वेगळा, आत्ता सोडून द्या.

लुकलुक दिसते आणि अक्षर लागत नाही, याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. मुलं टिंब आणि रेघ नीट पाठवतात, मधल्या मोकळ्या जागा नीट पाठवत नाहीत. मोर्समध्ये न पाठवलेला वेळही मोजूनच ठेवायचा असतो. टिंब १ मात्रा (वेळ मोजायचं ठरावीक माप), रेघ ३. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये १ मात्रा अंधार, दोन अक्षरांमध्ये ३, दोन शब्दांमध्ये ७.

मराठीत जागा चुकली की लगेच दुसरं अक्षर तयार होतं. "ते" म्हणजे टी आणि ई (- .), जवळ आले की एन (-.). "मे" (-- .) चं होतं जी (--.). "ने" (-. .) चं डी (-..). "ता" (- .-) चा के (-.-). आणि "नाही" मधला "ना" (-. .-) जुळला की एक्स (-..-).

मात्रा किती लांब? मिनिटाला जितके शब्द, त्याने १२०० ला भागा, उत्तर मिलिसेकंदात येतं. ५ शब्दांना २४०, ८ शब्दांना १५०. मोबाइलवर कुठलंही मेट्रोनोम अॅप घ्या, मिनिटाला २४० ठोके लावा. एका ठोक्याला टिंब, तीन ठोके रेघ, तीन ठोके अक्षरांमध्ये गप्प, सात ठोके शब्दांमध्ये गप्प. हा वेग मिनिटाला पाच शब्दांच्या किंचित खाली बसतो. सुरुवातीला अक्षरांमधलं अंतर तीनऐवजी सहा-सात ठोके ठेवलं तरी बिघडत नाही. अक्षर मात्र ओढून लांबवू नका. रेघ पाच-पाच ठोक्यांची झाली की समोरचा ती मोजत बसतो आणि पुढचं टिंब हुकतं.

छापील तक्ता भिंतीवरून काढून टाका. तक्ता बघून पाठवता येतं, वाचता येत नाही. एका वेळी दोन-तीन अक्षरं आवाजात पाठ करायची, ती दहातली नऊ वेळा ओळखता आली की पुढची. तुमच्या वाक्यांना सव्वीस अक्षरं लागतही नाहीत. ए, के, एच, ओ, एन, आय, ई, एल, वाय, टी या दहांत हे सगळं बसतं:

हो .... ---
नको -. .- -.- ---
ये -.-- .
येतो -.-- . - ---
आलो .- .-.. ---
ठीक - .... .. -.-
किती -.- .. - ..
खाली ये -.- .... .- .-.. .. / -.-- .
आई आली .- .. / .- .-.. ..

शेवटचं वाक्य मुलं सगळ्यात आधी शिकतील. "जेवलास का" साठी जे (.---), व्ही (...-) आणि एस (...) ही तीन नंतर घ्या.

ऐरोली_सर्किट

टॉर्चबद्दल. बाजारातल्या बऱ्याच एलईडी टॉर्चना एकच बटण असतं आणि दर दाबाला ती पुढच्या प्रकारात जाते: पूर्ण, मंद, लुकलुक, बंद. अशा टॉर्चच्या बटणाने मोर्स पाठवता येतच नाही, तिसऱ्या दाबाला ती स्वतःच लुकलुकायला लागते. काही टॉर्चच्या शेपटीचं बटण अर्धं दाबलं की पेटते आणि सोडलं की विझते. तशी मिळाली तर उत्तम. दुकानात बघून घ्या, खोक्यावर हे लिहिलेलं नसतं.

नसेल मिळत तर बटणाला हात लावूच नका. टॉर्च पूर्ण उजेडावर चालू ठेवायची आणि पुढे काळा पुठ्ठा हलवायचा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, एका बाजूला काळा कागद, काचेपासून दोन सेंटिमीटरवर. पुठ्ठा खाली म्हणजे उजेड, वर म्हणजे अंधार. मनगट हलतं, टॉर्च हलत नाही, हा यातला मोठा फायदा. झूमवाल्या टॉर्चचा झोत बारीक केला की तो समोर फार थोडी जागा व्यापतो. हात जरा कलला की समोरच्याला अख्खी रेघ दिसत नाही. झोत थोडा पसरट ठेवा आणि टॉर्च तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवून ग्रिलमध्ये बसवा.

मोबाइलच्या फ्लॅशला हाताने चालू-बंद करू नका. बोट लावल्यापासून पेटेपर्यंतचा वेळ दर वेळी वेगळा पडतो, त्यामुळे टिंब आणि रेघ सारखीच वाटायला लागते. अक्षरं टाइप केली की फ्लॅश आपोआप चालवणारी अॅप असतात, त्यांचं माप बऱ्यापैकी बरोबर असतं. ती वाचनाच्या सरावाला वापरा. पाठवायचं शिकायला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

दोन गोष्टी आपल्याकडच्या. स्लायडिंगची काच लावून आतून झोत टाकला तर तो काचेवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोरचं काही दिसत नाही. डासांच्या जाळीचंही तेच, जाळीच पांढरी उजळते. काच आणि जाळी दोन्ही बाजूला सरकवा, किंवा टॉर्चचं तोंड अगदी काचेला टेकवा. आणि पाठवणाऱ्याच्या खोलीतला दिवा बंद हवा. उजळलेल्या खिडकीतली टॉर्च लांबून ओळखू येत नाही. दिवाळीत माळांच्या गर्दीत हा उद्योग करूच नये. जोरदार पाऊस असेल तर झोताचा धूसर पट्टा दिसतो आणि कडा पुसट होतात, तेव्हा वेग अजून कमी करा.

जोडाक्षर

स्पेलिंगचं आधी ठरवा, नाहीतर "जेवलास" मध्ये व्ही की डब्ल्यू यावरच अर्धी रात्र जाईल. माझा प्रस्ताव असा. आपल्या लिपीत व्यंजनात अ असतोच, तसंच इथेही धरायचं. अ साठी काही पाठवायचं नाही, ए हे अक्षर फक्त आ साठी. च साठी नुसता सी, त्याला एच जोडायचा नाही. व साठी नेहमी व्ही.

फायदा मोजून बघा. "चहा" इंग्रजी वळणाने सी-एच-ए-एच-ए लिहिला तर ४७ मात्रा होतात, पाच शब्दांच्या वेगाला सव्वाअकरा सेकंद. सी-एच-ए एवढंच पाठवलं तर २९ मात्रा, सात सेकंद.

पुढचा फटका महाप्राणांचा. एच म्हणजे चार टिंबं, ७ मात्रा, वर आधीची ३ मात्रांची जागा. ख, घ, भ प्रत्येकी १९ मात्रा खातात. मराठीत एक्स, क्यू, डब्ल्यू रिकामेच पडलेत, मग ख साठी एक्स (११ मात्रा), घ साठी क्यू (१३), भ साठी डब्ल्यू (९) का नको? थ आणि ठ ला हात लावायची गरज नाही, टी-एच मिळून १३ च होतात.

डिटडा_कळवा

अ गाळणं आणि च साठी सी, दोन्ही मान्य. एक्स-क्यूचं मात्र नको म्हणेन, आणि कारण वर येऊन गेलंय. "ना" जवळ आला की एक्स होतो. तसंच "मा" (-- .-) जवळ आला की क्यू (--.-). मराठीत ना आणि मा पावलोपावली येतात आणि शिकाऊ हाताची अक्षरांमधली जागाच कच्ची असते. आज "ना" चा एक्स झाला तर वाचणाऱ्याला कळतं, की मराठीत एक्स नसतो, म्हणजे जागा चुकली. एक्सला ख केलंत की "नाही" चं "खही" होतं आणि चूक पकडायची सोय गेली. वाचतं किती? "खाली ये" ६९ मात्रांवरून ६१ वर येतं, पाच शब्दांच्या वेगाला दोन सेकंदांपेक्षाही कमी.

भ साठी डब्ल्यू हवा तर ठेवा, पण "आत" (.- -) जवळ आला की तोही होतो (.--).

जोडाक्षर

ना-एक्सचा मुद्दा पटला. ख आणि घ दोन अक्षरांतच राहू देत. अ गाळल्यावर "नको" एन-के-ओ होतं आणि तिथे तो प्रश्नच येत नाही, हे मात्र माझ्या बाजूने धरा.

मानपाडा_ताई

सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याची युक्ती झकास आहे, टॉर्च तीन प्रकारांची तसलीच निघाली. आवाजाच्या सरावासाठी ५ व्होल्टचा छोटा बझर आणला, पण बटण दाबलं की नुसतं "टिक" होतं, सूर येत नाही. खराब निघाला का? दुसरं, मुलगी विचारते की शेजारच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीशी भिंतीवर टकटक करून मोर्स बोलता येईल का?

ऐरोली_सर्किट

बझर खराब नाही, पॅसिव्ह आहे. त्याच्या आत सूर तयार करणारं सर्किट नसतं, त्यामुळे बॅटरी लावली की पडदा एकदा हलतो, तेच टिक. अॅक्टिव्ह बझर लावलात तर सरळ वाजेल, पण त्याचा सूर दोन-तीन किलोहर्ट्झचा, दहा मिनिटांत कान किटतात. मोर्सला ६०० ते ७०० हर्ट्झचा सूर बरा. आहे तोच बझर ५५५ आयसीवर (सूर तयार करणाऱ्या आठ पिनांच्या छोट्या चिपवर) चालवा.

९ व्होल्टची बॅटरी. पिन १ ऋणला, पिन ८ आणि ४ एकत्र करून धनला. ८ आणि ७ च्या मध्ये १० किलोओहम, ७ आणि ६ च्या मध्ये १०० किलोओहम. ६ आणि २ एकमेकांना जोडा, तिथून ऋणला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर १०३ छापलेलं असतं. तसाच दुसरा पिन ५ पासून ऋणला. बझर पिन ३ आणि ऋण यांच्यामध्ये. सूर साधारण ६९० हर्ट्झ येतो, खाली आणायचा तर १०० च्या जागी १२० किलोओहम लावा. आवाज फार मोठा येणार नाही, फ्लॅटमध्ये रात्री तेच बरं. स्पीकर लावायची हौस असेल तर पिन ३ ला थेट लावू नका, १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरड एकापुढे एक जोडून मग ८ ओहमचा स्पीकर.

चावी (मोर्स पाठवायला दाबायचा खटका) बॅटरीच्या धन तारेत घाला. चावी सोडली की सगळं बंद, बॅटरी विनाकारण उतरत नाही. चावीनंतर सप्लायला मोठा कपॅसिटर मात्र लावू नका, सोडल्यावर सूर रेंगाळतो आणि टिंबाची रेघ होते. काही आकृत्यांत चावी पिन ४ ला असते आणि तिथून ऋणला १० किलोओहम दाखवलेला असतो. साध्या एनई५५५ च्या रीसेट पिनमधूनच (हीच पिन ४) थोडा प्रवाह बाहेर येतो, त्यामुळे १० किलोओहमवर ती पुरेशी खाली जाईलच असं नाही आणि सूर थांबत नाही. तिथे १ किलोओहम हवा.

चावीसाठी अर्धं हॅकसॉ ब्लेड, लाकडी पट्टी, दोन स्क्रू आणि पितळी ड्रॉइंग पिन पुरते. ब्लेडच्या दातांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. ब्लेडवर रंग असतो, जिथे पिनेला टेकतं आणि जिथे तार कसली जाते तिथे पॉलिश पेपरने घासून पांढरं करा, नाहीतर सूर तुटक येतो. ब्लेड आणि पिनेत व्हिजिटिंग कार्ड दुमडून जाईल एवढी फट ठेवा. फट मोठी ठेवली की हात दमतो आणि टिंबं आखूड पडतात.

सगळं सामान ठाण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जाईल. एकदम जास्त घ्यायचं असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड.

खाडीकाठ

टकटकीचं उत्तर: मोर्स भिंतीवर चालत नाही. ठोक्याला लांबी नसते, त्यामुळे टिंब आणि रेघ एकच ऐकू येते. जुन्या तारयंत्राच्या साउंडरमध्ये (निरोप ठोक्यांत ऐकवणाऱ्या भागात) दांडा खाली बसल्याचा एक आवाज आणि वर गेल्याचा दुसरा, म्हणून त्या कट्ट-कडकट्टमधून दोघांमधला वेळ मोजता यायचा. भिंतीत तो दुसरा आवाज नसतो. ठोका म्हणजे टिंब आणि नखाने खरवडणं म्हणजे रेघ, असं करता येईल, पण खरवडणं पलीकडे पोचेल याची खात्री नाही.

भिंतीसाठी टॅप कोड घ्या. पाच ओळी, पाच रकाने. आधी ओळीचे ठोके, जरा थांबून रकान्याचे. पहिली ओळ ए ते ई, दुसरी एफ ते जे, तिसरी एल ते पी, चौथी क्यू ते यू, पाचवी व्ही ते झेड. मूळ पद्धतीत के नसतो, त्याच्या जागी सी वापरतात. मराठीत के वाचून चालणार कसं, म्हणून क्यूच्या घरात के बसवा. मग के म्हणजे चार आणि एक ठोका, ए म्हणजे एक आणि एक. "का" झालं ४-१, १-१. रात्री दहानंतर भिंत वाजवू नका, सोसायटीच्या हरकतींत भर नको.

आता टॉर्चकडे. वेगावर तुमची चर्चा झाली, शिस्तीवर कोणी बोललं नाही. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सिग्नल कोडमध्ये दिव्याच्या मोर्सचा प्रमाण वेग मिनिटाला ४० अक्षरं धरलाय, म्हणजे तेच ८ शब्द. डोळ्यांनी त्याच्या फार पुढे जाता येत नाही, कानाने जातं. म्हणून आवाजावर १२ चा वेग आला तरी टॉर्चवर ८ च्या वर जाऊ नका. त्याच कोडातली एक सवय मुलांना जरूर लावा: वाचणाऱ्याने प्रत्येक शब्द कळला की एक रेघ (टी) दाखवायची. रेघ आली नाही तर पाठवणारा तोच शब्द पुन्हा पाठवतो. निम्मे घोटाळे इथेच मिटतात.

वाचताना दोघं असतील तर फार सोपं जातं. एकाने दिव्यावरची नजर न हलवता अक्षर मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकट्याने लिहायला मान खाली घातली की पुढचं अक्षर गेलं. एकटं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर वाचा. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत ८ च्या वेगाचं टिंब चार-पाच फ्रेम दिसतं. २० च्या वेगाला ते दोन फ्रेमही भरत नाही, मग मोजता येत नाही.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. लेझर पॉइंटर वापरायचा नाही. डोळ्यांना धोका, आणि वरून विमानं जातात. आणि खेळातही एसओएस (...---...) पाठवायचं नाही. बघणारा कोणी ते खरं मानून ११२ ला फोन लावू शकतो.

मानपाडा_ताई

टी ची युक्ती आजच सांगते. पण बोलणं सुरू कसं करायचं? समोरचा खिडकीत आहे की नाही तेच कळत नाही. आणि मध्येच चुकलं तर?

खाडीकाठ

हाक म्हणून ए-ए, ए-ए, ए-ए (.- .-) दाखवत राहायचं. समोरचा तयार झाला की टी-टी-टी-टी (- - - -) दाखवतो. दोन मिनिटांत उत्तर नाही आलं तर दहा मिनिटांनी पुन्हा, किंवा रोजची वेळच ठरवून टाका. चूक झाली तर आठ टिंबं (........), मग तो शब्द पहिल्यापासून. कळलं नाही तर प्रश्नचिन्ह (..--..). "थांब" म्हणायला ए-एस जोडून (.-...). निरोप संपला की ए-आर जोडून (.-.-.), पूर्ण पोचला की समोरून आर (.-.).

"खाली ये" असं जाईल, डावीकडे मुलगी, उजवीकडे भाऊ:

.- .- .- .- .- .- → - - - -
-.- .... .- .-.. .. → -
-.-- . → -
.-.-. → .-.

मग भाऊ त्याचं पाठवेल, "येतो" किंवा "नको", त्याच्यानंतरही ए-आर. मधे शब्द चुकला आणि मुलीने रेघ दाखवली नाही, तर त्याने चिडून वेग वाढवायचा नाही, त्याच वेगाने तोच शब्द. मुलं नेमकं इथेच उलटं करतात.